लोखंड बोलत नाही म्हणायचे नाना

नाना, तुमच्या दारावर यायला मला पंधरा दिवस लागले. माझ्या घरापासून तुमचं दुकान पाच मिनिटांच्या वाटेवर, आणि दुकानाच्या मागेच तुमचं घर. तरी पंधरा दिवस. दहाव्याला नदीवर आलो होतो, पण मागे, ट्रॅक्टर उभे केले होते तिथेच थांबलो. कोणीतरी म्हणालं, फिटर, पुढे या ना. मी म्हणालो, पायात गोळा आलाय. गोळाबिळा काही नव्हता. पुढे यायला तोंड नव्हतं.

कारण तुम्हाला माहीत आहे, आणि सावद्यातल्या निम्म्या लोकांनाही माहीत आहे. तीन वर्षांपूर्वी, बाजाराच्या दिवशी, दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं असताना, तुमच्या काउंटरसमोर उभं राहून मी तुम्हाला लबाड म्हणालो. तो शब्द मी कधी परत घेतला नाही. परत घ्यायचं काही कारण आहे असं मला वाटतच नव्हतं. परवा वाटलं. म्हणून मुलीची एक अर्धी कोरी वही घेऊन बसलोय. मला लिहायची सवय नाही. बोलल्यासारखं लिहितो, तुम्ही ऐकल्यासारखं करा.

पहिल्यांदा तुमच्याकडे आलो तेव्हा माझं लग्न नवं होतं आणि कामही नवं. बोअरमधल्या मोटारी काढायच्या, दुरुस्त करून परत उतरवायच्या. सावदा-रावेरच्या पट्ट्यात केळी आहे तोवर ह्या कामाला मरण नाही. मला एक मोठा पाना हवा होता, दोन्ही बाजूंना तोंड असलेला. मी आपला म्हणालो, नाना, पाना द्या लवकर, गाडी निघायची आहे. तुम्ही खोक्यातून एक पाना काढलात, वरून लोंबणाऱ्या सुतळीला अडकवलात, छोट्या हातोडीनं वाजवलात आणि डोळे मिटून उभे राहिलात. मग तो बाजूला ठेवलात. दुसरा घेतलात. तोही बाजूला. मला वाटलं, माणूस सटकलेला आहे. गाडी गेलीच माझी. चौथ्या पान्याला तुमचा चेहरा खुलला.

"हाऊ बोलस," तुम्ही म्हणालात. म्हणजे, हा बोलतो.

तुम्ही मूळचे धुळ्याकडचे. सावद्यात दुकान टाकून जन्म गेला, पण तुमची अहिराणी काही सुटली नाही, आणि आमच्या इकडच्या 'मले-तुले'मध्ये ती कायम उठून दिसायची. लोक चेष्टा करायचे की नानांचं लोखंड अहिराणी बोलतं, म्हणून ते फक्त नानांनाच कळतं. तुम्हीही हसायचात. त्या दिवशी मात्र तुम्ही मला नीट समजावून सांगितलंत. घडवताना आत चीर राहिली, पोकळी राहिली की लोखंड बद्द वाजतं. डोळ्याला काही दिसत नाही, वरून चकचकीत असतं, पण कानाला कळतं. खणखणीत वाजेल तोच द्यायचा. मग तुम्ही पंच घेतलात आणि पान्याच्या दांड्यावर, अगदी मधोमध, मोहरीएवढं टिंब मारलंत. टिंब म्हणजे मन्ही जबान, माझा शब्द, म्हणालात. तुटला तर आणून टाक आणि दुसरा घेऊन जा. अट एकच, पान्याला पाईप लावायचा नाही.

त्या अटीवरून आपला जो वाद सुरू झाला तो कधी मिटलाच नाही. गंजून बसलेला नट पान्यानं हलत नाही किंवा नट शेवटपर्यंत आवळायचा असतो, तेव्हा आम्ही फिटर लोक पान्याच्या दांड्यावर पोकळ पाईप चढवतो. दांडा लांब झाला की जोर दुप्पट. मी पाहिलेला प्रत्येक फिटर हे करतो. तुमचं म्हणणं, पान्याची लांबी ठरवणारा काही वेडा नव्हता. पान्याला जेवढा जोर सोसतो तेवढाच माणसाला लावता यावा म्हणून दांडा तेवढा ठेवलाय. मी म्हणायचो, नाना, तुम्ही पंख्याखाली बसता, गंजलेल्या नटाशी तुमची कधी गाठ पडलेली नाही. तुम्ही म्हणायचात, त्यावर रॉकेल टाक, चहा पिऊन ये, मग सुटतो का बघ. हे आपण तुमच्याच चहावर किती वर्षं बोललो असू. मी दर वेळी नवीन मुद्दा शोधून यायचो आणि तुम्ही दर वेळी तेच रॉकेल काढायचात. मला त्या वादाची फार आठवण येते, नाना. बायकोशी भांडतानासुद्धा इतकी मजा येत नाही.

आणि तुम्ही मला काय दिलंत ते मी तोंडानं कधी कबूल केलं नाही, ते आता करतो. नवीन फिटरला कोण बोलावतं? शेतकरी दुकानात आला, मोटार बंद पडली म्हणाला, की तुम्ही म्हणायचात, आपल्या फिटरला बोलवा. माझं पहिल्या दोन-तीन वर्षांचं निम्मं काम तुमच्या काउंटरवरून आलं. एकदा मी गंजलेली हत्यारं घेऊन आलो तर तुम्ही सगळ्यांसमोर माझी अशी काढलीत की कान लाल झाले. मग स्वतः खाली बसून रॉकेलमध्ये एकेक पाना धुतलात, मला पुसायला लावलात, आणि तेलाच्या फडक्यात गुंडाळून दिलात. आजही काम संपलं की मी हत्यारं पुसल्याशिवाय घरी जेवायला बसत नाही. मंगल म्हणते, हत्यारांना अंघोळ, नवऱ्याला नाही.

तुमच्या टिंबाचं तर पुढे भलतंच झालं. रावेरहून, पार पहूरहून लोक यायचे आणि टिंबाचाच पाना द्या म्हणून अडून बसायचे. फावडी, छिन्न्या, हातोड्या, सगळ्याला टिंब. नंतर तो शब्द दुकानातून बाहेर पडला. कोणी सोयरिकीचं विचारलं, मुलगा कसा आहे, तर लोक सांगायचे, टिंबाचा आहे, डोळे मिटून द्या. माझ्याच धाकट्या बहिणीच्या वेळी आम्ही असं ऐकलंय. तुम्हीसुद्धा शेतकऱ्यांना माझ्याबद्दल एकदा सांगताना मी ऐकलं, टिंबाचा फिटर आहे म्हणून. मी बाहेर सायकल लावत होतो. आत यायला मुद्दाम उशीर केला, म्हटलं अजून काही बोलतील.

मग माल बदलायला लागला. कंपनी तीच, खोकं तेच, खोक्यावरचं चित्रसुद्धा तेच. आतला पाना हातात घेतला की हलका. जुन्या पान्याला नटावर पकड असायची, नव्याचं तोंड दोन महिन्यांत फाकायचं. पकडी खिळखिळ्या. हातोडी दोनदा मारली की डोकं दांडा सोडून बाहेर यायला बघायचं. एक्सा ब्लेडचे दात पहिल्याच पाईपवर झिजलेले, जणू कोणी आधीच वापरून पुसून ठेवलंय. आणि चमक मात्र अशी की तोंड बघून भांग पाडावा. मी वैतागून तुमच्याकडे यायचो, तुम्ही कंपनीच्या माणसावर वैतागायचात. तो एकदा हसून म्हणाला होता, नाना, पाना फिरवायला असतो, वाजवायला नसतो. तुम्ही त्याला चहासुद्धा विचारला नाहीत. तुमच्या दुकानात हे मी एकदाच पाहिलं.

आधी डझनात एखादा बद्द निघायचा, पुढे चार-पाच निघायला लागले. पूर्वी बद्द माल तुम्ही कंपनीला परत पाठवायचात. मग कंपनी परत घेईना. तेव्हा तुम्ही तो टिंब न मारता विकायला लागलात. कोणी विचारलं तर सांगायचात की ह्याची हमी नाही. विचारलं नाही तर सांगायचात नाही. आणि कोण विचारणार? तुमच्या दुकानातून घेतला म्हणजे झालं, असंच आम्ही सगळे धरून चालायचो. तुम्ही मात्र एकच पालुपद धरलं होतं. सुतळीला पाना अडकवायचात, वाजवायचात, बराच वेळ कान लावून बसायचात आणि मान हलवायचात.

"आते लोखंड बोलत नही," तुम्ही म्हणायचात.

सगळे माना डोलवायचे. मीसुद्धा. आता काळच तसा आला, म्हणायचो.

त्या उन्हाळ्यात रावेरजवळ एका आबांच्या मळ्यात मोटार उतरवायची होती. बाग निसवणीला आलेली, घड बाहेर पडत होते, अशा वेळी केळीला दोन दिवसही पाणी चुकवता येत नाही. आबा सकाळपासून बोअरशेजारी बसलेले. तुम्हाला माहीत आहे हे काम कसं असतं, पण मी एकदा पूर्ण सांगतो, कारण त्या दिवशी तुम्हाला पूर्ण सांगितलं नव्हतं. मोटारीला एकेक पाईप जोडत खाली सोडायचा. पुढचा पाईप जोडेपर्यंत सगळं वजन बोअरच्या तोंडावर एका क्लॅम्पनं धरून ठेवायचं. तो क्लॅम्प दोन नट आवळून बसवतात. मी शेवटचा नट आवळत होतो, तुमच्या दुकानातून त्याच महिन्यात आणलेल्या पान्यानं. पाना तोंडापाशी तुटला. मी पाठीवर पडलो. अर्धवट आवळलेला क्लॅम्प सरकला आणि मोटार, पाईप, केबल, सगळं माझ्या डोळ्यांसमोर खाली गेलं. बराच वेळ आवाज येत राहिला. मग बोअर गप्प.

आबांनी डोक्यावरची टोपी काढली आणि बोअरच्या तोंडाकडे बघत बसले. दोन दिवस आम्ही गळ टाकून मोटार अडकते का बघितलं. नाही आली. बोअर वाया गेलं. शेजाऱ्यानं पाणी दिलं म्हणून बाग निम्मी तरी उभी राहिली. आबा मला एका शब्दानंही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं, कारण तो सगळा राग मग मी तुमच्यासाठी साठवून ठेवला.

तिसऱ्या दिवशी बाजार होता. मी पान्याच्या तोंडाचा तुटलेला तुकडा घेऊन आलो आणि तुमच्या काउंटरवर आपटला. काय झालं ते सांगितलं. तुम्ही चष्मा लावलात, तुकडा उलटसुलट केलात आणि मला दोन प्रश्न विचारलेत. पहिला, ह्याच्यावर टिंब मारेल व्हतं का? मी म्हणालो, ह्या तुकड्यावर तर नाही दिसत. दांड्याकडचा भाग कुठे आहे हे मला माहीतही नव्हतं, आणि टिंब बघायचं भान कोणाला होतं. दुसरा, पाईप लावला होतास का? मी म्हणालो, नाही.

तुम्ही म्हणालात, मग टिंब नसणारच. असल्या पान्यावर मी टिंब मारत नाही, आणि टिंब नाही तिथे माझा शब्द नाही.

माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, लोक टिंब बघत नाहीत नाना, तुमचं तोंड बघतात. माल खराब आहे हे तुम्हाला माहीत असतं, तुम्ही गप्प बसून विकता आणि तुटला की टिंब कुठे म्हणून विचारता. ही लबाडी आहे. तुम्ही लबाड आहात. तुमचा मुलगा प्रमोद खिळे तोलत होता, त्याचा हात तसाच वर राहिला. तुम्ही तो तुकडा खणात टाकलात आणि माझ्या मागच्या माणसाला, तुम्हाला काय पाहिजे, असं विचारलंत. मी निघालो.

नंतरची तीन वर्षं मी हत्यारं जळगावहून आणली. तिथल्या मोठ्या दुकानात पाना पुठ्ठ्यावर प्लॅस्टिकमध्ये बंद केलेला. मी म्हणालो, वाजवून बघायचा आहे. विकणाऱ्यानं माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्याच्याकडे गाणं मागितलंय. फोडलं तर घ्यावं लागेल, म्हणाला. मी न वाजवताच घेतला. तोही वर्षभरात फाकला. पण तुमच्याकडे परत यावं असं मनात आलं नाही. मधेच कानावर आलं की नानांनी टिंब मारणंच बंद केलं, कशावरच मारत नाहीत. लोक म्हणाले, मालच तसा येतो, बिचारे करणार काय. मी म्हणालो, चोरी उघडी पडली म्हणून बंद केलं. हे मी चार ठिकाणी बोललो, नाना. तेही सांगून टाकतो.

एकदाच आपण समोरासमोर आलो, फैजपूरला एका लग्नात. वरण-बट्टीची पंगत बसली होती. तुम्ही लांबून मला शोधत आलात, माझ्या शेजारची जागा धरलीत आणि म्हणालात, फिटर. एवढंच. मी ताट उचललं आणि दुसऱ्या ओळीत जाऊन बसलो. तिथून मला दिसत होतं, तुमची बट्टी कितीतरी वेळ तशीच ताटात होती. तुम्हाला काय सांगायचं होतं ते मी तेव्हा ऐकून घेतलं असतं तर हे सगळं लिहायची वेळ आली नसती.

आता परवाचं. आमच्या अंगणात बकरी बांधतो तिथे ऊन यायला लागलंय, तर मंगल म्हणाली, तिचा खुंटा भिंतीच्या बाजूला हलवा. मी खुंटा उपटायला गेलो. चांगला खोल गेला होता. उपटून हातात घेतला तर तो त्या पान्याचा राहिलेला भाग. दुसरं तोंड वर, दोरी अडकवायला सोयीचं, आणि तुटलेलं टोक जमिनीत. मंगलला तो माझ्या हत्यारांच्या गोणीत सापडला होता, बकरीसाठी तिनं ठोकून टाकला होता. तीन वर्षं. मी रोज सकाळी त्याच्याशेजारी बसून दात घासतो. हाताला सवयच लागलेली म्हणून मी तो नळाखाली धरला आणि फडक्यानं पुसला. दांड्याच्या मधोमध टिंब होतं.

मी तिथेच ओट्यावर बसलो. टिंब होतं, म्हणजे तुम्ही माझ्याशी खोटं वागला नव्हतात. तो पाना तुम्ही वाजवला होता, तो चांगला आहे असं तुम्हाला वाटलं होतं, आणि तुमचा शब्द त्याच्यावर तुम्ही दिला होता. तुम्ही चुकलात, एवढंच. चुकीला मी काय म्हणालो असतो? चहा मागितला असता, दुसरा पाना घेतला असता आणि वर्षभर तुम्हाला चिडवलं असतं. आबांना मी स्वतः जाऊन सांगितलं असतं की नानांचा कधी नव्हे तो एक फसला.

आणि आता जे मी कोणालाच सांगितलं नव्हतं, मंगललाही नाही, ते तुम्हाला सांगतो. मी पाईप लावला होता. ऊन तापलं होतं, आबा घाई करत होते, नट शेवटच्या फेऱ्याला हलत नव्हता. मी दांड्यावर हातभर लांब पाईप चढवला आणि अंगाचं सगळं वजन टाकलं. तुमचा पाना आतून चिरलेला नसता तर कदाचित वाकला असता, तुटला नसता. किंवा तुटलाही असता. ते आता कोणीच सांगू शकत नाही. पण तुम्ही मला विचारलंत तेव्हा मी तुमच्या डोळ्यांत बघून नाही म्हणालो. आणि त्यानंतर पाच मिनिटांत तुम्हाला लबाड म्हणालो.

रात्रभर झोप लागली नसेल असं तुम्हाला वाटेल. लागली. सकाळी उठलो आणि मग मात्र काय करावं कळेना. तुमचं नाव साफ करायचं तर हा तुकडा दुकानात नेऊन दाखवायला हवा. पण दाखवला की टिंबाचा पाना तुटला हे जगाला कळणार. तुमच्या एवढ्या वर्षांत टिंबाचं एकही हत्यार परत आलं नाही, असं लोक अजून सांगतात. मी कानस हातात घेतली होती, खोटं कशाला बोलू. चार वेळा घासली असती की टिंब गेलं असतं, आणि कोणाला काही कळलं नसतं. मग मनात आलं की टिंब घासलं तर तुमचा कान खरा राहतो आणि तुम्ही कायमचे लबाड राहता. कान खोटा पडला तरी चालेल, असं मी ठरवलं. तुम्ही काय ठरवलं असतं ते विचारायला तुम्ही नव्हतात.

काल दुकान तुमच्यानंतर पहिल्यांदा उघडलं. प्रमोद तुमच्या जागेवर, डोक्यावर नुकते खुंट आलेले. चार-पाच गिऱ्हाइकं होती, त्यात एक रावेरकडचे शेतकरी, ज्यांची मोटार मी दोनदा काढलीय. मी तीन वर्षांपूर्वी उभा होतो त्याच जागी उभा राहिलो आणि दांडा काउंटरवर ठेवला, टिंब वर करून. घरून वाक्यं ठरवून आणली होती.

"नानांनी ह्याच्यावर टिंब मारलं होतं," मी म्हणालो. "तरी तुटला. नाना चुकले असतील, लबाड नव्हते. मी त्यांना इथेच लबाड म्हणालो होतो, ते परत घेतो."

रावेरवाल्यांनी दांडा उचलला, अंगठ्यानं टिंब चाचपलं आणि म्हणाले, टिंबाचाही तुटतो म्हणायचा. मग तो खाली ठेवून प्रमोदकडे एक्सा ब्लेड मागितलं. बस, एवढंच झालं. मला वाटलं होतं आकाश कोसळेल. पाईपचं मात्र मी गिळलं. समोर गिऱ्हाईक, माझं काम अजून ह्याच गावांत चालायचं आहे, आबांच्या कानावर जाणार. म्हटलं, शब्द परत घेतला ना, पुरे झालं.

प्रमोदनं मला आत नेलं. नानींनी चहा टाकला. कपात साखर माझ्या सवयीची, दोन चमचे. तुमचा फोटो अजून भिंतीला लावलेला नाही, खुर्चीवर ठेवलाय, त्याच्याशेजारी मी बसलो. प्रमोद म्हणाला, काका, नाना चुकले हे खरं, पण का चुकले हे तुम्हाला खरंच माहीत नाही? मी म्हणालो, नाही. तो म्हणाला, त्यांचे कान गेले होते. तुमच्या त्या पान्याच्या आधीच दोन-तीन वर्षं. घरात सगळ्यांना माहीत होतं, फक्त नानांना वाटायचं की कोणाला कळलेलं नाही. माणसांच्या तोंडाकडे बघून ते वेळ मारून न्यायचे, लोखंडाचा बारीक नाद त्यांना कळेनासा झाला होता. कानाला मशीन लावू या म्हटलं की चिडायचे. मी विचारलं, मग मला कसं कळलं नाही? प्रमोद थोडं हसला. म्हणाला, जनरेटरशेजारी बोलून बोलून तुमचा आवाज असा झालाय की तुमचं त्यांना सगळं ऐकू यायचं.

मी खुर्चीवरच्या फोटोकडे बघितलं आणि मला हसू आलं. लोखंड बोलत नाही म्हणे. एवढी वर्षं सगळं गाव माना डोलवत होतं. नाना, निम्मं लोखंड बोलत होतं हो. तुम्हालाच ऐकू येत नव्हतं. आणि उरलेलं निम्मं खरंच मुकं होतं, म्हणून तुमचं खपून गेलं. हसता हसता माझ्या डोळ्यांना धार लागली आणि नानी उठून आत गेल्या.

मग प्रमोदनं त्या दिवसाचं सांगितलं. मी तणतणत निघून गेलो, त्यानंतर तुम्ही बाजाराच्या दिवशी भर दुपारी दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलंत. त्याच खोक्यातले उरलेले पाने काढायला लावलेत. त्यातले टिंब मारलेले तेवढे बाजूला केलेत. एकेक पाना सुतळीला अडकवून वाजवलात. तुम्हाला सगळेच सारखे वाटत होते. मग प्रमोदला शेजारी उभं केलंत आणि म्हणालात, तू ऐक आणि सांग. त्यानं ऐकलं. पाच पाने बद्द होते. तुम्ही स्टुलावर बसून राहिलात. त्याला तुमचं तोंड बघवेना, म्हणून तो म्हणाला, नाना, मनाला लावून घेऊ नका, फिटरनं पाईप लावला असेल, सगळेच लावतात, तुटणारच.

मी चहाचा कप खाली ठेवला. विचारलं, मग काय म्हणाले?

प्रमोदनं तुमचेच शब्द सांगितले, तुमच्याच बोलीत.

"मी त्याले इचारं, तो नही म्हने. फिटर खोटं बोलत नही."

आणि पंच खणात टाकलात, तो परत काढला नाहीत.

प्रमोद आणखी काही सांगत होता, ते माझ्या डोक्यात शिरलं नाही. मी उठलो आणि मधल्या दारातून परत दुकानात आलो. रावेरवाले पिशवी बांधत होते, बाकीचेही होते. दांडा अजून काउंटरवर तसाच पडलेला.

"अजून एक सांगायचं राहिलं," मी म्हणालो. "मी पाईप लावला होता."